डॉक्टरांचं पान

इस्पितळाच्या फाटकाबाहेर साम्साची, म्हणजे भाजलेल्या समोशांची, भट्टी आहे. भट्टीच्या मागे, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात, असिलकान उभी होती. मंगळवार होता. दुपारचे बारा. अंगात पांढरा कोट, त्यावर नवऱ्याचं जुनं जाकीट. हातात फोन. इस्पितळाचं वायफाय इथवर पोचत नाही, म्हणूनच ती इथे आली होती.

तिने बेयशेन अगायची लिंक उघडली. अगाय म्हणजे मास्तर. शाळेत त्यांनी तिला पदार्थविज्ञान शिकवलं होतं. स्कॅन काढला की प्रत्येक रुग्णाच्या फोनवर अशी एक लिंक जाते, ती उघडली की स्वतःचे फोटो दिसतात. लिंकच्या टोकाला आकड्या-अक्षरांची लांब शेपटी असते. असिलकानने अंगठ्याने ती शेपटी पुसली. पुन्हा उघडलं.

पासवर्ड विचारायला हवा होता. विचारला नाही.

डॉक्टरांचं पान उघडलं. डावीकडे मास्तरांचं पोट, आडव्या कापांत. उजवीकडे टिपणाच्या चौकटीत तीन ओळी. दोन महिन्यांपूर्वी तिनेच टाइप केलेल्या. ‘स्वादुपिंडाचा कर्करोग. यकृतात पसरलेला. रुग्णास सांगितलेले नाही, थोरला मुलगा झामिर यास कल्पना दिली आहे.’

“एजे, मांसाचे देऊ की भोपळ्याचे?” भट्टीवालीने विचारलं. एजे म्हणजे ताई.

“अं?”

“अहो, भूत बघितल्यासारखं काय बघताय त्या फोनात? लेकीने जावयाचा फोटो धाडला की काय?”

“काही नको,” असिलकान म्हणाली आणि चालू लागली.

“एवढा वाईट आहे का जावई?” भट्टीवाली मागून ओरडली.

असिलकान चोपन्न वर्षांची. अक-बेल या गावातच जन्मली, नारिनच्या बाजूला दोन वर्षं शिकली, परत आली आणि एक्स-रेच्या खोलीत शिरली. तेव्हा फिल्म असायची. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली ती फिल्म धुवायची. हातांना आंबूस वास यायचा. नवरा म्हणायचा, अंधारातसुद्धा माझी बायको चुकायची नाही. अकरा वर्षांपूर्वी तो ट्रक घेऊन घाटात गेला, तो परत आलाच नाही. मुलगी राजधानीत, बिश्केकला असते. घरी असिलकान एकटी. म्हणून ती घरी कमी असते.

फिल्म गेली, सीटीचं यंत्र आलं, त्याबरोबर संगणक आला. तरुण माणसं अक-बेलमध्ये टिकत नाहीत. संगणकाचा माणूस पगाराची वाट बघून कंटाळला आणि रशियात कझानला टॅक्सी चालवायला गेला. जाताना त्याने असिलकानला चार वह्या दिल्या, सगळं लिहून. तिने त्या पाठ केल्या. तेव्हापासून फोटो साठवणारा सर्व्हर, लिंका, पासवर्ड, सगळं तिच्याकडे.

आता खिडकीचं सांगायला हवं. दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या शेवटी, हीटरजवळ एक खिडकी आहे. वाईट निघालं की रुग्णाच्या हातात कागद मिळतो, त्यावर ‘दाह’ असं लिहिलेलं असतं आणि खाली पथ्य. खरं काय ते थोरल्या मुलाला खिडकीशी नेऊन सांगतात. आजारी माणसाचं मन मोडू नये, मन मोडलं की माणूस महिनाभर आधी जातो. हे कुणी ठरवलं, माहीत नाही. असिलकान आली त्याच्या आधीपासून हे असंच होतं. तिच्या स्वतःच्या आईची फिल्म तिनेच धुतली होती. लाल दिव्यात, ओली, दोन हातांत धरून. शेवटच्या महिन्यात आईला रोज चांगलंचुंगलं खायला घालायचे. आई विचारायची, “अगं, सगळे माझ्याशी इतकं गोड का बोलता? माझं काही चुकलं का?” असिलकानने उशी नीट केली.

संगणक आला तरी खिडकी राहिली. पण बिश्केकहून आलेल्या एका नव्या सर्जनने ‘दाह’ वाचला आणि दाहाचाच इलाज केला, चार महिने. तेव्हा असिलकानने शोधून काढलं, की डॉक्टरांच्या पानावर टिपणाची एक चौकट आहे. रुग्णाला ती दिसत नाही. त्या चौकटीत ती खरं लिहू लागली. सगळे खूश झाले. “एजे, तुम्ही तर संगणकालाच खिडकी बसवलीत,” मोठे डॉक्टर म्हणाले. तिला बरं वाटलं होतं. अगदी खोटं कशाला सांगा, अभिमान वाटला होता.

आणि सोमवारी ते पत्र आलं. सॉफ्टवेअरच्या कंपनीने पाठवलेलं, रशियनमध्ये. नऊ दिवस ते कझानच्या टॅक्सीवाल्याकडे पडून होतं. त्याने पुढे ढकललं आणि वर एक ओळ लिहिली, ‘एजे, हे तुमचं. इथे बर्फ पडतोय.’ पत्रात होतं : आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अतिगंभीर भोक सापडलं आहे. लिंकची शेपटी काढली की कुणालाही, पासवर्डशिवाय, डॉक्टरांचं पान दिसतं. दुरुस्ती तयार होत आहे. तोवर सर्व्हर बाहेरच्या जगापासून तोडा. आणि चौथा मुद्दा : ज्यांची माहिती उघडी होती, त्यांना कळवा.

ती भट्टीकडून परत आली तेव्हा मोठे डॉक्टर तेमिर असानोविच चहात पाव बुडवत होते. असिलकानने पत्र पुढे ठेवलं.

“अतिगंभीर,” त्यांनी वाचलं. “यांचं सगळंच अतिगंभीर. प्रिंटरची शाई संपली तरी अतिगंभीर. आपलं अक-बेल कोण बघायला येणार आहे, एजे? चिनी? अमेरिकन?”

असिलकानने त्यांच्यापुढे फोन धरला, एक लिंक उघडली, शेपटी पुसली. त्यांच्या सासूचं पान उघडलं. टिपणासकट.

पाव चहात पडला.

“हे कुठून उघडलंत?”

“आत्ता तुमच्यासमोर. मघाशी साम्साच्या भट्टीमागून.”

“पुसून टाका ती टिपणं. सगळी.”

“आणि शुक्रवारी सर्जन काय वाचेल? दाह?”

ते चमच्याने पाव बाहेर काढत राहिले.

“मग बाहेरची तार काढा,” ते शेवटी म्हणाले. “बिश्केकच्या डॉक्टरांना काही दाखवायचं असलं तर पडद्याचा फोटो काढून फोनवर पाठवू. पूर्वी नाही का पाठवायचो.”

“आणि चौथा मुद्दा?”

तेमिर असानोविच हसले. हसू कोरडं होतं. “कळवा की! काय कळवाल? ‘काका, तुमची एक गोष्ट सगळ्या जगाला दिसत होती. कोणती ते मात्र तुम्हाला सांगता येत नाही.’ असं?”

“तेच विचारतेय मी.”

“थोरल्या मुलांना कळवू.”

“आजार मुलांचा नाहीये, तेमिर असानोविच.”

“एजे, तीस वर्षं तुम्ही स्वतः—”

“माहितीये मला तीस वर्षं मी काय केलं ते.”

ती खाली गेली. कपाट उघडलं. निळी तार खेचली. टिक असा आवाज झाला. बस, एवढंच. भोक बुजलं.

तिचं मन काही थाऱ्यावर येईना. तिने टिपणं मोजली. एकशे त्रेचाळीस. आत कोण येऊन गेलं याची नोंद सर्व्हरवर नव्हती. कदाचित कुणीच आलं नसेल. कदाचित सगळं गाव येऊन गेलं असेल. बुधवारी बाजारात ती बटाटे घ्यायला थांबली आणि बटाटेवालीच्या तोंडाकडे बघत राहिली. हिने वाचलं असेल का? कुणाचं? इस्पितळात धुतलेले कप तिने पुन्हा धुतले. निळी तार खरंच निघाली आहे ना, हे बघायला चार वेळा कपाट उघडलं. व्हरांड्याच्या टोकाला गेली की खिडकीच्या अलीकडूनच वळायची.

दोन गोष्टी तिला चावत होत्या. एक म्हणजे मास्तरांना हे परक्याकडून कळेल, भर बाजारात, नाहीतर नातवाच्या फोनवर. दुसरी जास्त वाईट होती. कुणाकडूनच कळणार नाही. तार ओढून तिने ते भोकही बुजवलं होतं.

गुरुवारी सकाळी फोन वाजला.

“पोरी, माझं पोट बंद पडलंय!”

“अगाय? दुखतंय का?”

“दुखत नाही गं, दिसत नाही! शेजारी आले होते. म्हटलं टीव्हीवर लावतो, बघा माणूस आतून कसा असतो. तर नुसतं गोल गोल फिरतंय. ते म्हणाले, मास्तर, तुमच्या पोटात काहीच नाही, जसं डोक्यात नाही तसं. आता ये आणि चालू करून दे.”

“येते,” ती म्हणाली. जायचं कबूल करताना तिला माहीत नव्हतं ती काय बोलणार आहे.

झामिर दारातच होता. रस्ते खात्यात आहे तो, बर्फ ढकलायची गाडी चालवतो. फावडं घेऊन अंगण साफ करत होता. तेमिर असानोविचने त्याला आधीच फोन केला असणार, कारण तो नमस्कार न करताच म्हणाला, “एजे, पंधरा दिवस. फक्त पंधरा दिवस मागतोय. धाकट्याचं लग्न आहे. त्यांना हसत बघू द्या.”

“आणि लग्नानंतर सांगशील?”

झामिर फावड्याच्या दांड्याकडे बघू लागला. “नंतर... वसंतात बघू.”

“वसंतात.”

“तुम्ही तरी तुमच्या आईला सांगितलंत का?” तो म्हणाला. अक-बेल लहान आहे. तिथे सगळ्यांना सगळ्यांच्या आया माहीत असतात.

ती आत गेली.

मास्तर जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाशी बसले होते. समोर तेलात तळलेल्या कणकेचे बोरसोक, लोणी, जर्दाळूचा मुरंबा. ते सगळं पाहुण्यांसाठी. त्यांच्यापुढे पाण्यात शिजवलेला ओटचा वाडगा. दोन महिने तेच. पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडलेली.

“बघ,” ते पट्टा दाखवत म्हणाले, “पथ्याने कसा उतरलोय. पंचविशीत असाच होतो. बायको असती तर पुन्हा भाळली असती.” सुनेने चहा ओतला. अर्धीच वाटी, रीतीप्रमाणे, म्हणजे पाहुणा पुन्हा मागेल. “वसंतात बरा झालो की तलासला जायचं. भावाकडे. नऊ वर्षं बोललो नाही आम्ही. एका घोड्यावरून, बोल.”

“मग आत्ताच का जात नाही?”

“आजारी माणूस माफी मागायला गेला की समोरचा कीव करून माफ करतो. मला कीव नको. मी धडधाकट जाणार, त्याच्यासमोर उभा राहणार. मग त्याला शिवी द्यायची असेल तर देऊ दे.”

झामिर आत येऊन दाराशी बसला. असिलकानने वाटी खाली ठेवली.

“अगाय, लिंक मी बंद केली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक होतं.”

मास्तरांचे डोळे चमकले. भोक म्हटलं की त्यांना नेहमीच आनंद व्हायचा. “कसलं भोक? नीट सांग. पायरीपायरीने.”

तिने सांगितलं. पायरीपायरीने.

“म्हणजे माझ्या लिंकची शेपटी कापली की?”

“डॉक्टरांचं पान उघडायचं.”

“अस्सं.” त्यांनी चमचा वाडग्यात उभा केला. “मग त्या पानावर असं काय आहे, जे माझ्या पानावर नाही?”

चूल भरभरत होती. झामिर म्हणाला, “बाबा, ओट गार होतंय.”

“मी तुला विचारलं नाही. मी हिला विचारलं.”

असिलकानला वाटलं, आता उशी नीट करावी. पण इथे उशी नव्हती.

“निदान आहे,” ती म्हणाली. “दाह नाही अगाय. कर्करोग आहे. स्वादुपिंडाचा. यकृतातही गेलाय. दोन महिन्यांपूर्वी मीच टाइप केलं.”

झामिर उठला. “चालत्या व्हा.”

“बस खाली,” मास्तर म्हणाले. आवाज चढला नव्हता. वर्गात चढवत नसत तसाच. “पाहुण्याला असं म्हणतात? बस.”

झामिर बसला.

“स्वादुपिंड,” मास्तर म्हणाले. “ते जीवशास्त्रवाल्या बाईंकडे होतं. माझ्याकडे नव्हतं. नक्की कुठे असतं ते?”

असिलकानने स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवलं. त्यांनी तसाच आपला हात ठेवला. थोडं वर सरकवला.

“किती जणांनी वाचलं असेल बाहेर?”

“माहीत नाही. कदाचित कुणीच नाही.”

“इस्पितळात?”

“सगळ्यांनी.”

“आणि या घरात?”

सून किटली घेऊन चुलीकडे वळली. झामिरने तोंड वळवलं.

“म्हणजे परका मीच होतो,” मास्तर म्हणाले. “किती दिवस?”

“ते डॉक्टर सांगतील.”

“मी डॉक्टरांना विचारत नाही. पदार्थविज्ञानात तू कच्ची होतीस, पण खोटं उत्तर लिहायची नाहीस. येत नसलं तर जागा कोरी सोडायचीस. बोल.”

“उन्हाळा बघाल असं वाटत नाही.”

त्यांनी मान हलवली, फळ्यावर कुणी बरोबर उत्तर लिहिल्यावर हलवायचे तशी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. झामिरकडे वळून विचारलं, “गाडीत पेट्रोल आहे?”

“बाबा, लग्न—”

“लग्नाच्या आत परत येऊ. तलास काय चंद्रावर आहे?”

झामिरने तोंडावर दोन्ही हात धरले. एवढा मोठा माणूस, खांदे हलू लागले. मास्तर त्याच्याजवळ सरकले नाहीत. त्यांना राग आला होता. पण सुनेला म्हणाले, “त्याला चहा दे. भरून दे.”

असिलकान उठली. तिला फाटकापर्यंत पोचवायला कुणी आलं नाही.

शुक्रवारी ते निघाले. तलासमध्ये काय झालं ते फारसं कुणाला माहीत नाही. पहिल्या दिवशी भावाने दार उघडलं नाही, दुसऱ्या दिवशी उघडलं, एवढं झामिरच्या बायकोने सांगितलं. मास्तर लग्नात बसले होते. हसले नाहीत. पण बसले होते, शेवटपर्यंत. फेब्रुवारीत गेले. असिलकान इतर बायकांबरोबर, रीतीप्रमाणे घराकडे तोंड करून रडायला उभी राहिली, तेव्हा झामिर तिच्यासमोरून गेला आणि थांबला नाही.

इथेच थांबलं असतं तर ती बरी झोपली असती. ती थांबली नाही. मास्तरांना सांगितल्यानंतरच्या सोमवारपासूनच ती टिपणांवरून काढलेली यादी घेऊन घरोघर जाऊ लागली, कामाच्या आधी, कामाच्या नंतर. एकोणीस घरं झाली. एका घरात कुत्रं सोडलं. एका म्हाताऱ्याने तिला बाहेर नेऊन सांगितलं, “मला केव्हाचं माहीत आहे गं, पण मला माहीत आहे हे पोरांना सांगू नकोस. बिचारी एवढी मेहनत घेतायत.” आणि खालच्या गल्लीत उलकान नावाची एक बाई होती, शिवणकाम करणारी. असिलकानने तिला पायरीपायरीने सगळं सांगितलं. उलकानने ऐकून घेतलं, शिवणयंत्रावर कापड घातलं, अंथरुणात जाऊन पडली आणि भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा उठली नाही. तीन आठवड्यांत गेली. डॉक्टर म्हणाले होते, वर्षभर काढेल. तिच्या मुली बाजारात मोठ्याने म्हणतात, आईला आजाराने नाही, असिलकानने मारलं.

असिलकान बटाटे घेते आणि जाते.

तेमिर असानोविचने यादी काढून घेतली. ओरडले नाहीत. “एजे, मला सांगा, मास्तरांना तुम्ही का सांगितलंत?”

“त्यांनी विचारलं म्हणून.”

“आणि उलकानने विचारलं होतं?”

नाही. उलकानने काहीच विचारलं नव्हतं. कोऱ्या कापडावर खडूने रेघ मारत होती ती. असिलकानच बोलत सुटली होती. आईच्या वेळी जे गिळलं होतं, ते सगळं त्या बाईपुढे ओतत होती.

मास्तर असतानाच, जानेवारीत, कंपनीची दुरुस्ती आली. निळी तार पुन्हा बसली. सर्व्हर आता बिश्केकहून आलेल्या एका मुलीकडे आहे. असिलकान परत छातीच्या एक्स-रेच्या खोलीत आहे. श्वास घ्या, धरा, सोडा. दिवसाला चाळीस वेळा. मधल्या वेळात बसत नाही, खोलीत येरझारा घालते. पेशंट म्हणतात, एजे, बसा की, तुम्हाला बघून आम्हाला दम लागतो.

पडद्यावर काही दिसलं की तिला आधी कळतं, डॉक्टरांच्याही आधी. ती बोलत नाही. तो तिचा अधिकार नाही. पण समोरचा माणूस शर्टाची बटणं लावत असताना ती एक प्रश्न विचारते. वाईट निघो, चांगलं निघो, प्रत्येकाला विचारते. मोठे डॉक्टर दोनदा रागावले, तिने ऐकलं नाही. उत्तर ती अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिते, आणि ते पाळायचं की नाही यावर डॉक्टरांत अजून भांडणं चालू आहेत.

“जे निघेल ते,” ती विचारते, “कुणाला सांगायचं? तुम्हाला, की घरच्यांना?”

बहुतेक जण उत्तर द्यायच्या आधी दाराकडे बघतात, थोरला तिथे उभा आहे का.